माझी नजर आणि नंबर चार

३ मार्च, सोमवार

आजपासून दोन निश्चय. एक, ऑफिसचे पाच मजले रोज जिन्याने. दोन, धाकट्या बाईसाहेबांना माझा हिसका दाखवायचा. जिना उद्यापासून. आज हातात बॅग होती.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. तक्रारींच्या टेबलावर माणूस हवाय. बावीस वर्षं इथली माणसं मीच निवडतो. ऑफिस मॅनेजर आहे, गंमत नाही. उमेदवार दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात मी त्याला आरपार ओळखतो. पुढचा इंटरव्ह्यू निव्वळ शिष्टाचार.

पण साहेबांच्या कन्येला, म्हणजे धाकट्या बाईसाहेबांना, हे पटत नाही. कुठलासा कोर्स करून आल्यात. म्हणाल्या, काका, वर्षभरात या टेबलावर तुम्ही घेतलेली तीन माणसं टिकली नाहीत. अहो, पहिला चार दिवसांत गेला, त्यात माझा काय दोष? दुसरा झोपायचा, पण बसायचा कसा ताठ! तिसऱ्याने फोन कधी उचलला नाही, कबूल. पण आवाज काय भारदस्त होता त्याचा!

४ मार्च, मंगळवार

बाईसाहेबांची नवी पद्धत. सगळ्यांना एकच पेपर. आमच्या फाइलमधली एक जुनी, खरी तक्रार: एक आजी दोन तास लिफ्टमध्ये अडकल्या, त्यांचं संतापलेलं पत्र. त्याला उत्तर लिहायचं. मग उत्तरं टाइप करून घ्यायची, नावं काढायची, वर फक्त नंबर. मी आणि त्या वेगवेगळे मार्क देणार, कारणासकट. म्हणे चेहरा, कपडे, ओळखपाळख काही आड येत नाही.

चेहरा आड येतो? चेहराच तर सगळं सांगतो!

साहेबांसमोर ठरलं: दोघांचे मार्क जुळले तर निवडीचं काम माझ्याकडे, नाही तर बाईसाहेबांकडे. मी ताडकन म्हणालो, मंजूर. निवडीची खुर्ची गेली तर या ऑफिसात माझं उरतं काय? पंख्यांची आणि पेनांची ऑर्डर?

घरी बायकोला सांगितलं. म्हटलं, तुलासुद्धा मी पाच मिनिटांत पसंत केलं होतं. ती म्हणाली, मीच जरा जास्त वेळ घ्यायला हवा होता. हिला काही गांभीर्य नाही.

जिना राहिला. गुडघा.

१० मार्च, सोमवार. दुपारी १२

उमेदवार आले. पेपरच्या खोलीत मला मज्जाव. हरकत नाही. पॅसेजमध्ये पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिलो. सहा ग्लास पाणी प्यायलो, सहा जण पाहिले.

नेमकी आमचीच लिफ्ट दहा वाजता तासभर बंद पडली. सगळे धापा टाकत वर आले. मी आधीच पोचलो होतो (लिफ्टने).

टायवाले गृहस्थ: उत्तम. नमस्कार करताना किंचित वाकले. हाच माणूस. एक गबाळा, शर्ट अर्धा बाहेर: बाद. एक पन्नाशीच्या बाई, चपलेचा पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन: बाद. जिला स्वतःची चप्पल सांभाळता येत नाही, ती तक्रारी काय सांभाळणार?

१२ मार्च, बुधवार

सात पेपर आले. मी सहाच पाहिले होते. सातवा मी जेवायला गेलो तेव्हा आला असणार.

नंबर दोन वाचून थांबलोच. ‘आजी, आधी सांगा, आता तब्येत कशी आहे? चूक आमची आहे. उद्या सकाळी दहाला मेकॅनिक येईल. तो गेल्यावर मी स्वतः तुम्हाला फोन करेन.’ वा! दहापैकी नऊ. टायवाले गृहस्थ, आणखी कोण!

नंबर चार: ‘लिफ्टमध्ये लावलेली सूचना आपण वाचलेली दिसत नाही. घंटेचे बटण दाबणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. दोन तास हा कालावधी आमच्या अनुभवानुसार जास्त नाही.’

डोकंच फिरलं माझं. माझ्या आईच्या वयाची बाई हो ती! अंधारात दोन तास! दहापैकी एक, तोही शुद्धलेखनासाठी. शेरा लिहिला: ‘घमेंडखोर. या माणसाला एकदा लिफ्टमध्ये दोन तास कोंडावं. कंपनीच्या वाऱ्यालाही उभा करू नये.’ हा नक्की गबाळा.

१४ मार्च, शुक्रवार

जिंकलो!! सातही पेपर जुळले, कुठे अर्ध्या मार्काचा फरक. नंबर चारला दोघांचाही एकच. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा शेरा मोठ्याने वाचला आणि शाब्बास म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी ४

नावं उघडली. नंबर दोन सेफ्टी पिनवाल्या बाई. अकरा वर्षं एका हॉस्टेलचा फोन सांभाळत होत्या. चप्पल आमच्याच जिन्यात तुटली होती म्हणे. टायवाल्यांना मी तीन दिले होते. गबाळ्याला सात.

नंबर चारचं नाव विचारलं. बाईसाहेब जरा घुटमळल्या. मग त्या आजींची फाइल माझ्यापुढे सरकवली. सहा वर्षांपूर्वी गेलेलं उत्तर, ऑफिस कॉपी. शब्द न शब्द तोच.

खाली माझी सही.

तुलनेसाठी घातलं होतं म्हणाल्या. साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाईसाहेब म्हणाल्या, काका, ठरल्याप्रमाणे निवडीचं काम तुमच्याकडेच. फक्त बाहेर जाणारी पत्रं आधी नव्या बाईंना दाखवत जा.

मी सांगितलं, माझी नजर अचूक आहे हे तर सिद्ध झालं ना? कुणी नाही म्हणालं नाही.

१७ मार्च, सोमवार

नव्या बाई हजर. नवी चप्पल. फोन पहिल्याच घंटीला उचलतात. दुपारी त्यांनी आपणहून त्या आजींना फोन लावला. आजी आहेत अजून, खणखणीत. माझं पत्र त्यांना तोंडपाठ आहे. सगळं म्हणून दाखवलं म्हणे, सहीसकट.

माफीचं पत्र बाईंनी लिहिलं. मी सही केली. एकही शब्द बदलला नाही.

संध्याकाळी ६

लिफ्ट आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. मी बाहेरच उभा राहिलो. दार मिटलं.

जिन्याने उतरलो. पाचही मजले. व्यायाम म्हणून.