तुझ्याशिवाय पाहिलेला समुद्र

प्रिय भिंगरी,

आधी एका दमात सांगून टाकते. मी बाबांना समुद्र दाखवला. तुझ्याशिवाय. आता पत्र भिरकावून दे, मला चार शिव्या घाल, घोटभर पाणी पी आणि मग उचलून पुढचं वाच.

तू घातलेली शपथ मी विसरले नव्हते. तू शिकायला निघालीस तेव्हा स्टेशनवर गाडी सुटायला आली तरी तू बाबांची बाही सोडत नव्हतीस. माझ्याशिवाय समुद्र बघायचा नाही, बघितलात तर कट्टी, असं म्हणून रडत होतीस. एवढी घोडी झालेली मुलगी, लोक बघत होते! खरं तर आपल्या गावाहून सकाळी निघालं तर समुद्र बघून रात्री जेवायला घरी येता येतं. पण बाबांना फुरसत होती कधी? द्राक्षांची छाटणी, मग तोडणी, मग वाइनरीच्या तळघरातली पिंपं. त्या पिंपांचे जेवढे लाड झाले तेवढे आपल्या दोघींचे झाले नाहीत. निवृत्त झाल्यावर फुरसत आली, तर तुझी शपथ आडवी. वाइनरीतली सगळी मंडळी समुद्रावर सहलीला गेली, बाबा घरीच. धाकटीला शब्द दिलाय म्हणे. मालकांनी थट्टा केली, तरी ढिम्म हलले नाहीत.

आणि माझी तर वेगळीच गंमत. गेस्ट हाउसच्या काउंटरवर येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, एका दिवसात कुठला किनारा बघून होईल? मी पोपटासारखी सुरू होते. पोरंबाळं असतील तर पहिला, पाणी उथळ आहे. चालायची हौस असेल तर मधला, झाडांची गर्द सावली आहे. सूर्यास्त हवा असेल तर शेवटचा. मी स्वतः यातला एकही पाहिलेला नव्हता. मधल्या किनाऱ्यावर पोचलो, तर तिथे औषधाला झाड नाही गं! नुसते खडक. किती लोक माझ्या नावानं बोटं मोडत उन्हात भाजले असतील कुणास ठाऊक. बाबा मात्र पोट धरून हसले.

शेजारच्या बेकरीवाल्याची गाडी मागून घेतली होती. बाबांनी तळघरातला चाखायचा ग्लास पंच्यात गुंडाळून बरोबर घेतला. मला वाटलं, पाणी प्यायला असेल. शेवटच्या वळणाआधीच काच खाली करून म्हणाले, आला. ज्याला गावभर ‘नाक’ म्हणतात त्या माणसाला काय चुकणार! पहिल्या किनाऱ्यावर पँट दुमडून आत शिरले, ग्लासात समुद्र घेतला, पांढऱ्या रुमालासमोर तिरका धरला, हुंगला, घोटभर तोंडात खळखळवला आणि बाजूला थुंकला. कोवळा आहे म्हणाले, अजून मुरायचाय. शेजारची पोरं आ वासून बघत राहिली. मधल्या किनाऱ्यावर पुन्हा तेच. तिथलं पाणी वेगळ्या पिंपातलं निघालं म्हणे, म्हणून तिसरंही चाखायलाच हवं! आयुष्यभर पिंपं तपासलेल्या माणसाला समुद्र एकच असतो हे कोण समजावणार? तिसऱ्या किनाऱ्यावर मात्र ग्लास तसाच हातात राहिला. उतरत्या उन्हाकडे ते बघत होते, आणि मी त्यांच्याकडे.

बघत होते असं लिहिलं खरं. तुझ्यापासून लपवलेली गोष्ट हीच. बाबांची नजर जातेय, भिंगरी. तळघरात कुणीतरी सहज मत विचारायला बोलावलं, तेव्हा गढूळ वाइनला त्यांनी स्वच्छ म्हटलं. सगळे गप्प झाले. त्यांना ते कळलं आणि ते घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाय नाही, जे दाखवायचं ते लवकर दाखवा. मी लगेच तुला फोन करायला हवा होता. बाबांनी नको म्हटलं, तिची परीक्षा आहे, आणि मी ऐकलं. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडत नाही. खरं सांगू? मलाही ते हवं होतं. औषधं, डबे, दवाखाने सगळं माझ्या वाट्याला, आणि समुद्र तेवढा तुझ्या? एक दिवस तरी फक्त माझा असावा, असं वाटलं. आता तोच दिवस घशाखाली उतरत नाहीये. तुझा फोन आला की मी काहीतरी कारण काढून ठेवून देते.

परत येताना बाबांनी मला बजावलं, धाकटीला कळता कामा नये. तू आलीस की ते पहिल्यांदाच बघितल्यासारखं करणार आहेत. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून तालीम चालते, अबब, केवढा हा! होड्या कुठल्या बाजूला उभ्या असतात, खडक डावीकडे की उजवीकडे, हे मला विचारून पाठ करतात. कारण तू सुट्टीत येशील तोवर त्यांना काही दिसणार नाही, आणि ते तुला कळू द्यायचं नाहीये. त्यांचा विश्वास मोडून तुला हे कळवतेय, तेवढ्यासाठीच लिहायला बसले. जमलं तर लवकर ये. मी किनाऱ्यावर येणार नाही, गाडीतच बसेन. ते भलतीकडेच बोट दाखवून होडी दिसली का विचारतील. तेव्हा रडू नकोस. तिकडेच बघ आणि म्हण, होय बाबा, दिसली.

तुझीच,
कट्टी केलीस तरी तुझीच,
ताई