कवळीची झिलई

॥ श्री ॥

बेलापूर,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १९४७

चि. सुश्रुत,

आशीर्वाद. पोस्टाने आलेलं पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर जमणार नाही म्हणून लिहायला बसलो. का जमणार नाही ते पुढे येईलच.

इकडची थंडी सरली. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलंय, त्यामुळे मागची सगळी आळी शेतात असते आणि दुपारी देवळात मी आणि पुजारी दोघेच. शेजारचा गोरक्षनाथ तुझी चौकशी करतो. आईची सायली यंदा फुलली नाही. पाणी घालायचं मधले काही दिवस राहून गेलं.

एक बातमी आहे. मी वरची कवळी बसवली. खालचे दात अजून माझेच आहेत.

दिवाळीत तू विचारलं होतंस, बाबा, लाडू कुस्करून का खाताय. मी म्हणालो, कडक झालाय. लाडू मऊ होता रे. तू गेल्यावर श्रीरामपूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. हिरड्याच गेल्यात म्हणाल्या, वरचे सगळे काढावे लागतील. काढले. मग हिरड्या भरून येईपर्यंत तसंच राहायचं.

तुला कळवलं नाही. कळवून तू धावत आला असतास, आणि मला कोणी बघायला यायला नको होतं.

भाकरीचं मला काही वाटलं नाही, दुधात कालवून खाल्ली. आरशाचंही नाही. पण दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो, संकल्प म्हणायला लागलो आणि तोंडातून नुसती हवा. स नाही, श नाही, ष तर नाहीच. आपलं पोट उच्चारावर चाललं, सुश्रुत. देवासमोर बसून मी सगळं मनातल्या मनात म्हटलं आणि उठलो.

तुझा फोन आला तो त्याच दिवसांत. मी कट केला. परत आला, परत कट केला. मग तू लिहिलंस, "बाबा, सृष्टीबद्दल बोलायचंय. आम्ही लग्न करायचं ठरवतोय. तिचे वडील कर्जतकडे शेती करतात. फोन घ्या ना." मी उत्तर लिहिलं, "नंतर बोलू."

माझ्याकडून गेलेले ते दोनच शब्द तू किती वेळा वाचले असशील! त्यांचं पुढे काय झालं ते मला आता ठाऊक आहे. पण क्रमाने सांगू दे.

कवळी आली ती माघात. डॉक्टरीणबाई माप घेतात, पण कवळी घडते सुनील नावाच्या कारागिराकडे. श्रीरामपूर स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्याची एक लांबट खोली आहे. भिंतीवर येशूची तसबीर, आणि तिच्यावरसुद्धा बारीक पांढरी धूळ. पहिल्यांदा कवळी घातली तेव्हा तोंडात कोणी बशी ठेवलीय असं वाटलं. दोन दिवसांत सवय झाली आणि मला दम निघेना. गावातच एक लग्न होतं, मी होकार देऊन टाकला.

मंगलाष्टकं कशीबशी पार पडली. शेवटी आवाज चढवला, "शुभमंगल सावधान", आणि "सावधान"च्या आधी अशी लांब शिट्टी वाजली की अंतरपाट धरणारे दोघं माझ्याकडे बघायला लागले. मागून कोणी तरी ओरडलं, "गुरुजी, गाडी सोडा आता!" मांडवभर हशा. नवरीसुद्धा हसली. तिच्यावर राग नाही, मीही हसलो असतो. पण त्या दिवशी दक्षिणेला हात पुढे होईना. अक्षता खिशात तशाच राहिल्या आणि मी सायकल काढून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी कवळी सुनीलकडे टाकली. तो म्हणाला, "पुढच्या दातांमागे जाड राहिलीय, गुरुजी. जीभ अडकते आणि फटीतून वारं जातं. ठेवून जा, उद्या या."

आणि त्याच दुपारी माझ्या दारात गाडी थांबली.

तू त्यांना पत्ता दिला होतास, येणार आहेत हेही मला लिहिलं होतंस. पण मी दोन दिवस फोन उघडलाच नव्हता. सृष्टीचे वडील मच्छिंद्रराव आणि त्यांच्या आई, रतनबाई. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, म्हातारीने नवं लुगडं नेसलं होतं. "आमी सृष्टीच्या घरचे," ते म्हणाले.

मी उपरण्याचा पदर तोंडावर धरला. मला बोलता येईना. म्हणजे येत होतं, पण कसं ते तू ऐकलं नाहीस. पहिल्या भेटीत मुलाच्या सासऱ्यासमोर मी बोबडं बोलणार होतो का? मी ओठांवर बोट ठेवलं आणि देवघराकडे हात केला. मौन आहे, अशी खूण केली.

त्यांनी मान डोलावली. वाट बघत बसले. मी पाण्याचा तांब्या ठेवला, तो तसाच राहिला. रतनबाईंनी हळूच विचारलं, "किती येळ आस्तं मौन?" मी हातानेच सांगितलं की आज नाही. पाटीवर किंवा कागदावर दोन ओळी खरडून द्याव्यात एवढंही सुचलं नाही. तोंड झाकण्यापलीकडे डोक्यात काही नव्हतंच. थोड्या वेळाने मच्छिंद्रराव उठले, म्हणाले, "बरंय. कळलं आमाला." पेढे ओट्यावर ठेवले आणि गेले. मी दारापर्यंतही गेलो नाही.

संध्याकाळी तुझा निरोप आला. तो मी इथे शब्दशः लिहीत नाही. तू लिहिलंस की भिक्षुकाच्या घरात शेतकऱ्याची मुलगी चालत नसेल तर तसं तोंडाने सांगायचं होतं, घरी आलेल्या माणसांशी न बोलण्याइतकं कमी लेखायचं नव्हतं. पुण्यात नोंदणी करणार आहोत, तुम्ही यायची गरज नाही.

खरं सांगू का, पहिल्यांदा मला तुझा रागच आला. मी असा आहे असं याला वाटलंच कसं? मग रात्रभर नाही, पण बराच वेळ ओट्यावर बसलो तेव्हा वाटलं, त्याला दुसरं काय वाटणार. त्याला माझ्याकडून ऐकायला काय मिळालं, तर कट केलेले फोन.

सकाळच्या पहिल्या रिक्षाने सुनीलकडे गेलो. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "काय झालं?" मी त्याला त्या बोबड्या तोंडानेच सगळं सांगितलं. तुझ्याशी बोललो नाही ते त्याच्याशी बोललो. तो हसला नाही. त्याचा दिवसच बिनदातांच्या माणसांशी बोलण्यात जातो.

"गुरुजी, पोराला नुसतं लिहायचं ना, दात नाहीत म्हणून."

"आशीर्वाद लिहून देतात का रे?" मी म्हणालो. "पहिल्यांदा सून येणार घरात. तिला 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणायचं मी, ते असं म्हणू?"

पेनासारखी धरायची एक बारीक मोटर असते, ती त्याने चालू केली. टोकाला लवंगेएवढा दातेरी लोखंडी तुकडा. कवळीच्या जिभेकडच्या बाजूने तो थोडं थोडं घासत होता, गुलाबी भुगा उडत होता. टाळूला चिकटते ती बाजू घासायची नसते, तिकडे खरवडलं की कवळी सैल होते. मग ते टोक काढून खरखरीत कागदाची गुंडाळी लावली, मग रबराचं टोक. दर वेळी कवळी धुवायची, माझ्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "बोला."

"काय बोलू?"

"आम्ही पेशंटला सहासष्ट म्हणायला लावतो."

मी सहासष्ट नाही म्हटलं. मी म्हटलं, "सुश्रुत."

शिट्टी वाजली.

त्याने परत घेतली. परत घासली. "सुश्रुत." आता सु बरा आला, श्रु घसरला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बाहेर बाकावर दुसरे लोक येऊन बसले होते, ते ऐकत होते. शेवटी सुनीलने विचारलं, "हे कोणाचं नाव?"

"माझ्या मुलाचं. दिवाळीपासून मला ते घेता आलेलं नाही."

हे तुला सांगायचं होतं. फोन मी यासाठी कट करत होतो. दात काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन वाजला, तेव्हा उचलण्याआधी मी एकदा म्हणून पाहिलं होतं. "हुहुत" असं काही तरी आलं. हे नाव मी आणि तुझ्या आईने हौसेने ठेवलेलं. ते माझ्या तोंडून तसं तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं मला. बाकी कारण नाही. सृष्टीबद्दल तर मुळीच नाही. तिचं नाव वाचलं तेव्हा मनात एवढंच आलं होतं की अरे देवा, हिच्यातही स आणि ष!

सहाव्या की सातव्या वेळी ते नाव नीट आलं. सुनीलने मोटर बंद केली. मला वाटलं झालं, पण तो म्हणाला, "आता झिलई. अशी खरबरीत घातली तर जीभ सोलून निघेल." मोठ्या मोटरीवर केसांचा गोल ब्रश फिरत होता, त्यावर ओली दगडाची पूड टाकून त्याने कवळी धरली. कोरडी धरली तर तापून वाकडी होते म्हणे, म्हणून सारखं पाणी. शेवटी कापडाचं मऊ चाक. बाहेर आली तेव्हा तिच्यात खोलीतला दिवा दिसत होता.

घातली आणि विचारलं, "कर्जतला गाडी कितीला?"

"नगरला जा, तिथून मिळेल," तो म्हणाला. "पण गुरुजी, चढ्या आवाजात अजून थोडं वाजेल. यापेक्षा पातळ केली तर तुटेल. तेवढं वाजू द्या."

मी घरी न येता तसाच गेलो.

मच्छिंद्ररावांचं घर वस्तीवर आहे, विचारत विचारत पोचलो. ते गोठ्यापाशी होते. मला बघून हातातली पेंडीची पाटी खाली ठेवली. "या," म्हणाले. बसा म्हणाले नाहीत.

मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मच्छिंद्रराव, काल माझं मौन नव्हतं. मला दात नव्हते." आणि ते खोटं वाटू नये म्हणून कवळी काढून हातावर घेऊन दाखवली. त्या माणसासमोर, अंगणात. आणि तसाच बोबडा म्हणालो, "मला लाज वाटली."

ते बघतच राहिले. म्हणाले, "गुरुजी, परतताना मी रस्त्यात गाडी थांबवली हुती. आईशी बोलवंना. आमाला वाटलं, तुमच्या उंबऱ्यात आमी बसावं असं तुमाला वाटंना."

तेवढ्यात आतून रतनबाई आल्या. त्यांना लेकाने सांगितलं. "आवं येवढंच व्हय!" त्या म्हणाल्या आणि आ करून दाखवला. वर-खाली एकही नाही. "मला कुटं हायेत? मी लई बोलती तरी! तुमी बी बोलायचं हुतं की."

तेव्हा कुठे मच्छिंद्रराव हसले. मी पाणी मागितलं, मग जेवलोच. भाजी तिखट होती, पहिल्यांदाच कवळीने भाकरी चावून खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानेच असं सांगितलं. रतनबाईंनी सुनीलचा पत्ता घेतलाय. नातीच्या लग्नात दात घालून मिरवायचंय त्यांना.

ते लगेच पोरांना फोन लावत होते. मीच थांबवलं. म्हणालो, हे मी बिघडवलंय, मला सांगू द्या. म्हणून हे पत्र. फोनवर मी पाच वाक्यांत आटोपलं असतं आणि यातलं निम्मं गिळलं असतं.

आता तुमचं तुम्ही ठरवा. नोंदणीच करायची असेल तर मला मांडवाचा हट्ट नाही. साक्षीदार लागतात म्हणे. मच्छिंद्ररावांनी त्यांच्या बाजूने सही करायचं ठरवलंय, तुझ्या बाजूची एक जागा कोणाला दिली नसशील तर मला दे. आणि मांडव घालणार असाल तर मंगलाष्टकं मी म्हणेन, की दुसरे गुरुजी बोलवायचे, हे सृष्टीला विचार. शेवटी वाजणार आहे. लोक हसणार आहेत. मला चालेल, पण लग्न तिचं आहे, तिला चाललं पाहिजे.

पुढच्या शनिवारी मी पुण्याला येतोय. तुझा राग गेला नसेल तर दार उघडून तसं सांग, मी खाली चहा पिऊन परत फिरेन आणि पुन्हा येईन. सृष्टीला माझा आशीर्वाद मात्र तू सांगू नकोस. तो मला स्वतः द्यायचा आहे.

तुझा आणि तिचा,
बाबा