बिटाचा घाव भरतो का

मये (गोवा), ६ जाने.
तण काढताना खुरपे घसरले. तळ्याकडच्या ओळीत दोन बिटांना खांद्यावर घाव. लाल पाणी आले. खुरपे ओळीपासून वीतभर लांबच, जवळचे तण हाताने. हे मीच लोकांना सांगतो! एका घावाला चुलीची राख लावली, दुसरा तसाच उघडा. राखवाल्यापाशी खुणेला माडाचा हीर रोवून ठेवला. बघू.

८ जाने.
सौ.चा भाऊ दत्ता आला. जत्रेच्या जेवणाचा आचारी तोच. यंदा बीट माझ्या परसातले, असे मी त्याला दिवाळीतच सांगून बसलोय. वाफा बघून म्हणतो, "भावोजी, हीं बिटां काय खेळूंक गोट्यो?"
"जत्रेपर्यंत थांब."
"थांबतां. पण फुटकें एकय नाका हां. हांव अख्खीं उकडतां. सालीक चीर आसली की सगळो रंग उदकांत. बेळगांवच्या गाडयेक सांगून दवरूं?"
"नको." जरा ठसक्यातच म्हटले. कुणी मास्तर नाही, पुस्तक नाही, बघून बघून शिकलोय. बेळगावची भाजीची गाडी कशाला?

१३ जाने.
घराकडच्या ओळीची पाने गायब. बाहेरची तेवढी गेली, आतला कोंब शाबूत. गाय असती तर रोप उपटले असते. ससा तिरपे कातरतो. मोर चिंध्या करतो. इथे देठ बुडाशी अलगद मोडलेला. एवढा शिस्तीचा कोण? मोरच, पण वेगळा असावा. सौ.ला तसे म्हटले. जुने मासळीचे जाळे बांधले.

१६ जाने.
जाळे जसेच्या तसे. पाने परत गेली. तीच ओळ, तळ्याकडे फिरकत नाही. भिंगातून पाहिले, देठावर चंद्रकोरीसारखी खूण. माकड? माकड एवढे सभ्य नसते. ओळीलगतची माती चाळून सपाट केली, पाऊल उमटावे म्हणून.
दुपारी तांबडी भाजी, लाल माठाची, वर ओले खोबरे. दोनदा घेतली.

१७ जाने.
पाऊल उमटले. चपलेचे, टाच डावीकडे झिजलेली. तीच चप्पल स्वयंपाकघराच्या दारात.
"परसातलं काही खुडलंस?"
"तांबडी भाजी. दाट झाली होती."
"यंदा मी तांबडी भाजी पेरलीच नाही."
"अहो, त्या जागी दर वर्षी तीच असते ना? बीट तळ्याकडे. खुडलं की फुटतं, म्हणून नखाने बाहेरचं बाहेरचं घेतलं."
"तेही बीटच आहे!"
सौ. पदर तोंडाला लावून, "म्हणजे दोनदा वाढून घेणारा मोर तो हाच!"
त्या ओळीत बीट लावले हे तिला सांगितले नव्हते खरे. भाजी मात्र चांगली होती.

१९ जाने.
बोटाने माती सारून पाहिली. तळ्याकडची बिटे चिकूहून मोठी, घराकडची लिंबाएवढी. पाने गेली, बीट उपाशी राहिले. घराकडे माती चढवली, वर भाताचा पेंढा. पानांना आता हात नाही. तळ्याकडे पेंढा पुरला नाही.
खुरप्याच्या घावांवर तपकिरी खपली, बुचासारखी. दोन्हींवर सारखीच. म्हणजे राख उगीच. ओरखडा सुकू द्यायचा, माती लोटायची नाही, बस.

२३ जाने.
पंप बिघडला होता. काल दुरुस्त झाला आणि मी तळ्याकडच्या तहानलेल्या ओळीवर बाल्दीमागून बाल्दी ओतली. आज तिथली मोठी बिटे उभी चिरली आहेत. कोरड्या मातीवर एकदम पाणी. आतून फुगते, साल मागे राहते. थोडे थोडे द्यायला हवे होते. मला कळत नव्हते असे नाही.
घराकडे एकालाही चीर नाही. पेंढ्यामुळे? की पाने कमी, म्हणून पाण्याची ओढही कमी? दोन गोष्टी एकदम बदलल्या, आता ठरवणार कसे? पुढच्या वर्षी वेगवेगळे करून बघू.

३ फेब्रु.
उद्या दत्ता न्यायला येणार. अख्खी ती लहान, त्यांच्यावर पंगत निघणार नाही. मोठी सगळी चिरलेली. पण चिरांवरही खपली धरलीय. ती रंग अडवते का? हा खरा प्रश्न.
दुपारी खुरप्याच्या घावाचे एक उकडले. पाणी जेमतेम गुलाबी, बीट आत गडद. अडवते! पण ती खपली जुनी. चिरेची कोवळी.
दत्ताचा फोन. "भावोजी, गाडयेक आज सांजेक सांगल्यारच जमता. सांगूं?"
"दिवेलागणीला सांगतो."

त्याच दिवशी, सांज
चिरेचे एक, मोठ्यातले मोठे, टोपात चुलीवर. झाकण काढायचे नाही म्हणते सौ., वाफ जाते. खिडकीत फोन वाजला. तिनेच उचलला. "थांब रे, मोर चुलीकडे बसला आहे." हसताहेत दोघे.
झाकणाच्या कडेने पाणी ओघळले. रंग सुटला का, वाकून बघतोय. चुलीच्या उजेडात सगळेच तांबडे दिसते.