साडेसत्त्याहत्तरावं दुखणं

१२ जून १९७४

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला गुलाबाचा मुरंबा पोचला. आईची बरगडीखालची कळ मात्र हटत नाही. तुला ठाऊकच आहे, माणसाची दुखणी साडेसत्त्याहत्तर आणि औषधी पालेही तेवढेच. आईचे सत्त्याहत्तर उकळून, वाटून, उशीत भरून झाले. गुण शून्य! म्हणजे उरलं ते अर्धं, बिननावाचं. त्यावर उतारा एन्योव्चेच्या पिवळ्या फुलांच्या पाल्याचा, तोही चोवीस तारखेला, एन्योव्देनच्या सणाच्या पहाटे, दवासकट खुडलेला. पण कुणी दुखण्याला नाव दिलं की पाला निकामी. म्हणून आईचा निरोप: प्लोव्दिव शहरातल्या इस्पितळाने पोराच्या हाती माझ्या तपासणीचा कागद दिला असेल, तर त्याला म्हणावं, तोंड शिवून बस.

रागावू नकोस, आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी नेवेना

१६ जून

चि. नेवेनास अनेक आशीर्वाद.

डोकं ठिकाणावर आहे का दोघींचं? कागद माझ्या खिशात आहे आणि त्यावर चांगलं हातभर नाव आहे. गाठ आहे. वेळेत काढली तर आई वाचेल, नाहीतर नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. ऑपरेशन पंचवीसला. नाव खाली ठळक लिहितोय, तिला मोठ्याने वाचून दाखव.

काळजीने बोलतो, एवढं समजून घे.
स्तामेन

२० जून

प्रिय दादा, सा. न.

तुझ्या पत्राचा तळाचा, नावाचा तुकडा मी डोळे मिटून कापला आणि शेळीला घातला. दोन दिवस शेळी वैरणीला तोंड लावत नाही. आई म्हणते, लावेल कशी, नाव गिळलंय तिने! आता तिलाही काढे चाललेत. 'गाठ' हे काही नाव नव्हे, असा निवाडा आईने दिला, म्हणून तेवढं वाचून दाखवूनही मी सुटले. दादा, मला फार भीती वाटते रे. चोवीसला पाला खुडून ती दुपारच्या बसने येईल. पण कुणी नाव घेतलं, तर त्याच पावली परत फिरेन म्हणते.

तिला सांभाळ.
नेवेना

२ जुलै

चि. नेवेनास आशीर्वाद.

गाठ काढली, आई सुखरूप आहे. डॉक्टरांनी तोंड उघडताच तिने कानात एन्योव्चेचे बोळे कोंबले आणि लग्नातलं गाणं सुरू केलं. आता अख्खा वॉर्ड आपापल्या दुखण्यांची नावं ऐकायला तयार नाही. डॉक्टर बिचारे 'चार नंबरच्या खाटेचं ते' असं म्हणत हिंडतात.

काल आईनेच विचारलं, झालं ना आता, मग काय रे नाव होतं त्याचं? ज्या नावाने मी तुम्हाला दटावत होतो, ते माझ्याच्याने घेववलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे. म्हटलं, विसरलो. ती माझा हात धरून बसली. तो कागद मी फाडून टाकलाय.

पुढच्या एन्योव्देनला मलाही पहाटे उठव. लोभ आहेच.
तुझा दादा