डावीकडची लाट

मंगळवार, संध्याकाळ

वादळी समुद्राचं माझं तैलचित्र बघायला आज गढा मोहल्ल्यातल्या एक दीदी आल्या. आवडलं. माझी पहिलीच विक्री. म्हणाल्या, "पीछे लिख दो, पूरा अपने हाथ का है." मी उद्यावर ढकललं. डावीकडची पांढरी लाट बाबांची आहे. शिकवता शिकवता त्यांनीच रंगाची सुरी घेतली अन् ओढली.

बाबा म्हणतात, "काहून एवढा विचार करून राहिली? तुझा हात मीच घडवला ना? लिहून टाक."

ती लाट खरवडून पुन्हा काढू? तशी जमेल? नाही जमणार.

शेवटी दीदींना फोन करून खरं सांगितलं. "सोचकर बताती हूँ," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. विक्री गेली बहुतेक. बाबा रागावतील म्हणून मी तशीच उभी राहिले.

ते हळूच म्हणाले, "लाट आवडली होती का त्यांना?"