आचाऱ्यांचे आभार

बाबा, मी पुस्तकं वाचायचं यंत्र घेतलं आहे. तुम्ही असता तर आधी ते उलटं करून पाहिलं असतं आणि विचारलं असतं, "छापलंय कुठं?" कुठेच छापलेलं नाही. काचेखाली शाईचे बारीक कण असतात, पान बदललं की ते जागा बदलतात आणि पुढचं पान येईपर्यंत गप्प बसून राहतात. मोबाइलसारखा उजेड डोळ्यांत घुसत नाही, गच्चीवर उन्हात धरलं तरी कागदासारखं दिसतं. पान बदलताना मात्र पडदा क्षणभर काळा होतो. तुमची नात म्हणते, "आई, नॉर्मल आहे ते, सगळ्यांचंच होतं." मला अजून ते नॉर्मल वाटत नाही. दर वेळी वाटतं, गेलं.

हे यंत्र लोक का घेतात याची मी बरीच चौकशी केली, तुम्हाला माहीत आहे मी न विचारता काही घेत नाही. तुमची नात भाड्याच्या घरात राहते, दर थोड्या वर्षांनी घर बदलते, आणि सामान नेणारी माणसं पुस्तकांचे खोके उचलताना तोंड वाकडं करतात म्हणून तिने घेतलं. दिल्लीच्या मेट्रोत ब्लू लाइनवर एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने ती वाचत येते, द्वारका स्टेशन आलेलंही कळत नाही तिला. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्यात पुस्तकं नुसती साठवतात. शेकडो आहेत, वाचलेलं एकही नाही, पण "सब इसमें है" म्हणून सोसायटीच्या बाकावर सगळ्यांना दाखवतात. त्यांची बायको मला हळूच म्हणाली, "इसका कवर नहीं होता ना, कोई पूछता नहीं क्या पढ़ रही हूँ." ती नवऱ्याचंच यंत्र वापरते, आणि वाचते ती एकटीच. मला कोणी विचारलं तर मी सांगते, घरात जागा नाही. तुमच्या नातीलाही हेच सांगितलं. तिने माझ्या भिंतभर कपाटाकडे पाहिलं.

खरं कारण माझा उजवा डोळा आहे. डॉक्टरांनी चौकड्यांचा एक कागद समोर धरला आणि विचारलं, रेघा सरळ दिसतात का. मधल्या रेघा वाकल्या होत्या, पाण्यात काठी वाकलेली दिसते तशा, आणि अगदी मधोमध धुरकट डाग होता. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाले. डाव्यातही सुरुवात आहे. आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, असं ते म्हणाले. सुधारेल असं नाही म्हणाले. आजूबाजूचं सगळं दिसतं, दार, खिडकी, जिना. जे नीट पाहायला जावं नेमकं तेच दिसत नाही. शब्दाकडे पाहिलं की त्याचं पोट गायब. कडेची अक्षरं दिसतात आणि मधलं मी भरते. या यंत्रात अक्षर वाटेल तेवढं मोठं करता येतं, म्हणून घेतलं.

शब्दाचं पोट आपण भरायचं नाही हे तुम्ही मला फरीदाबादच्या छापखान्यात शिकवलं होतं. शाळेला सुट्टी होती आणि आईला बरं नव्हतं म्हणून तुम्ही मला कामावर घेऊन गेलात. सरकारी छापखान्याची ती लांब खोली, शाईचा आणि रॉकेलचा वास. तुम्ही प्रूफ समोर ठेवून बसला आहात आणि पलीकडे तुमचे कॉपीहोल्डर मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचताहेत. असलं वाचन मी कधी ऐकलं नव्हतं. आवाजात चढ नाही, उतार नाही, राग नाही, लोभ नाही. "अधिसूचना, पूर्णविराम, नया पैरा, एतद्द्वारा, अल्पविराम." मला हसू आलं आणि तुम्ही नजर न उचलता बोट वर केलंत. तुमच्या हातात लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून केलेली पट्टी होती, तिला एका ओळीएवढी फट. तिला तुम्ही खिडकी म्हणायचात. ती प्रुफावर सरकवायची, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते आणि डोळा पुढे पळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला एक ओळ वाचायला दिलीत. मी धडाधडा वाचली, "सर्व कागदपत्रे सादर करावीत." तुम्ही म्हणालात, परत वाच. मी परत तेच वाचलं, जरा रागाने. मग तुम्ही खिडकी ठेवलीत आणि पेन्सिलीचं टोक एकेका अक्षराखाली नेलंत. का, ग, प, द, त्रे. कागपदत्रे. तुम्ही मुद्दाम स्वतःच्या हाताने चुकीचं लिहिलं होतं. "अंदाजपंचे वाचू नको," तुम्ही म्हणालात. "लिहिलंय ते वाच. असायला हवं ते सगळेच वाचतात." मी डबा अर्धा टाकला त्या दिवशी. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकी माझ्या हातात दिलीत आणि तुमच्यासाठी दुसरी केलीत.

तुम्हाला आपल्या मराठी मंडळाच्या उत्सवाची ती स्मरणिका आठवत असेल. दिल्लीतल्या हिंदी छापखान्यात छापायला दिलेली, आणि त्यांच्याकडे आपला ऱ नव्हता. दुसऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्यावर, यातला तो शेंडी वाकवल्यासारखा अर्धा र हिंदीला लागतच नाही, मग त्या अक्षराचा खिळा कशाला ठेवतील? त्यांनी सगळीकडे य वर रफार ठोकून दिला. छापखान्याचा मालक तुम्हाला म्हणाला, "बाबूजी, र तो र है. आपकी मराठी में क्या पूँछ लगती है?" तुम्ही म्हणालात, "हाँ, लगती है." त्याने हात जोडले आणि सगळे गठ्ठे आपल्या घरी, सरकारी क्वार्टरवर पाठवून दिले.

बाकीचं तुम्ही सोसलंत, पण शेवटचं पान नाही. उत्सवात जेवण रांधणाऱ्या आचाऱ्यांचे आभार होते, ते छापलं होतं 'आचार्यांचे आभार'. आई पोळ्या लाटत होती. तुम्ही तिला पोळपाट बाजूला घ्यायला लावलंत आणि ओट्यावर, जमिनीवर, तांदळाच्या डब्यावर स्मरणिका पसरल्यात. तुम्ही ब्लेडने रफार खरवडायचा, आईने फुंकर मारून कागदाचा भुगा उडवायचा, आणि मी काळ्या पेनाने य ला ती वाकडी शेपटी जोडायची. आई चिडली होती. "त्या आचाऱ्यांनी काय पाहायचंय, काना की मात्रा? भात मऊ झाला की नाही एवढं बघतात ते."

"त्यांचे आभार मानलेत ना आपण?"

"मानलेत की."

"मग त्यांचेच मानू. आचार्यांनी काय केलंय?"

आई हसली आणि तिची फुंकर चुकली, भुगा कणकेत गेला. त्या पोळ्या आपण खाल्ल्या. माझ्या हाताला तेव्हापासून ती शेपटी बसली आहे, माझी सही सोडली तर दुसरी कुठली रेघ मी इतक्या वेळा काढलेली नाही.

तुम्ही गेल्यावर स्मरणिकेची प्रुफं आपोआप माझ्याकडे आली. मी नोकरी केली, वाइस प्रिन्सिपल म्हणून निवृत्त झाले, पण मंडळात माझी ओळख 'लाल करणाऱ्या ताई' अशीच आहे. लेख माझ्याकडे येणार म्हटल्यावर लोक दोनदा वाचून पाठवतात. मला ते आवडतं, नाही कशाला म्हणू? आणि यंदा, डोळ्याचं कळल्यावर, प्रुफं आली तेव्हा मी कोणालाही काही न सांगता ठेवून घेतली. भिंग घेतलं, टेबललॅम्प घेतला, पाच दिवस मान मोडून बसले आणि तपासून परत पाठवली.

दोन दिवसांनी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. नागपूरकडची आहे, केंद्र सरकारात नोकरी करते, माझ्या मुलीएवढी. तुम्हाला आवडली असती, तिच्याही घरात दीक्षाभूमीवरून पुस्तकं पिशवी भरभरून येतात, तुम्ही आणायचात तशीच.

"ताई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"शेवटून दुसरं पान तुमच्याकडून राहिलं का? म्हणजे मिस झालं का?"

मी म्हटलं, मी पान सोडत नाही. आवाज चढला माझा. तुम्हा मंडळवाल्यांनीच नंतर बदललं असेल, फाइल दुसरीच गेली असेल, असंही म्हणाले. तिने वाद घातला नाही, नुसता फोटो पाठवला. तो मी मोबाइलवर दोन बोटांनी ताणून मोठा केला. ते पान खजिनदारांनी फोनवर हिंदी कीबोर्डने लिहिलं होतं. पानभर एकही ऱ नव्हता, सगळे रफार. आणि खाली, बाबा, तेच. 'आचार्यांचे आभार'. माझी एकही लाल खूण नाही त्या पानावर. मी ते पान वाचलं होतं, मला नीट आठवतं. मी तिथे आचाऱ्यांचे असंच वाचलं होतं, कारण तिथे तेच असायला हवं होतं.

त्या दिवसापासून मी एका जागी बसू शकले नाही. सोसायटीला फेऱ्या मारायचे, वर यायचे, यंत्र उघडायचे, बंद करायचे. हे काम गेलं तर बाकी मला फार काही होणार नाही, पेन्शन आहे, घर आहे. पण मग मी तुमच्याकडून घेतलेलं काय उरलं? तुमच्या नातीला फोन केला आणि विचारलं, आपले स्वतःचे कागद या यंत्रात वाचता येतात का. ती म्हणाली, "येतात ना. पीडीएफ नको, त्यात अक्षर वाढत नाही नीट. वर्ड फाइल घे, मी पाठवते तुला. पण आई, तू यात वाचतेस की तपासतेस? त्या कादंबरीत तू दर पानावर खुणा केल्यात, खातं एकच आहे ना आपलं, मला इकडे दिसतात सगळ्या."

"चुका आहेत म्हणून केल्यात."

"बिचारा लेखक."

सेक्रेटरीकडे वर्ड फाइल मागितली. ती "चलो, पाठवते" म्हणाली. अक्षर सगळ्यात मोठं केलं, तर पडद्यावर जेमतेम आठ-दहा शब्द मावले. आणि मला ते कळायला एवढा वेळ लागला याचं आश्चर्य वाटतं: ही तुमचीच खिडकी होती. पुढची ओळ दिसत नाही, डोळा पळत नाही. एक अक्षर डागात गेलं की मान तिरकी करून कडेने पाहायचं, मग ते सापडतं. मी अक्षर अक्षर वाचू लागले, लहान मुलासारखी. चुका सापडू लागल्या. पण दोन ओळी झाल्या की पान बदलायचं, पडदा काळा होतो, पुन्हा मान तिरकी. किती राहिलं ते हाताला कळत नाही, कोपऱ्यात नुसता टक्क्यांचा आकडा. मला एका जागी बसायला धीर नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. छापखान्यात सोमवारी द्यायचं होतं आणि शनिवारी मी अर्ध्यावरच होते. मग मी तिला फोन करून घरी बोलावलं.

रविवारी ती आली, चहा झाला, आणि मी यंत्र तिच्यासमोर ठेवलं. एवढी मोठी अक्षरं पाहून तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, डोळ्याचं काही?"

"मधलं दिसत नाही. उजव्याचं जवळजवळ नाहीच."

ती "अरे बापरे" वगैरे काही म्हणाली नाही, बरं केलं. कप बाजूला सरकवला आणि म्हणाली, "मग मी वाचते, तुम्ही ऐका."

"कानामात्रेसकट वाचायचं. स्वल्पविरामसुद्धा."

"बिल्कुल."

तिने सुरुवात केली. वाचते छान, फार छान, रेडिओवर वाचल्यासारखं. सह्याद्रीतल्या भटकंतीचा लेख होता, "सह्याद्रीच्या दऱ्या ओलांडून आम्ही" असं ती म्हणाली आणि मी हात वर केला. तिने परत वाचलं, दऱ्याच. मी म्हटलं, "हा लेख कोणी टाइप केला?" "खजिनदारांनीच." "मग अंदाजपंचे वाचू नको. लिहिलंय ते वाच." तिने पडद्यावर बोट ठेवलं, एकेका अक्षरावर. मग अगदी सपाट आवाजात, 'द'वर जोर देऊन म्हणाली, "सह्याद्रीच्या दर्‌-या."

"म्हणजे?"

"म्हणजे दर्या, समुद्र, ताई. सह्याद्रीचे समुद्र ओलांडून!" आणि हसत सुटली. "ताई, म्हणजे मी पण. मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं आणि मी पण."

तेव्हा मला हसू आलं, बाबा, त्या पूर्ण आठवड्यात पहिल्यांदा. त्यानंतर ती तुमच्या कॉपीहोल्डरांसारखी वाचत गेली, चढ नाही, उतार नाही, आणि मी डोळे मिटून ऐकत राहिले. र्य आला की आधीच्या अक्षरावर जोर पडतो, ऱ्य आला की पडत नाही. कानाला नीट कळतं. संध्याकाळपर्यंत झालं. शेवटून दुसऱ्या पानावर आचाऱ्यांचे आभार आचाऱ्यांनाच मिळाले आहेत, तिने तिथे बोट ठेवून मला तीनदा म्हणून दाखवलं. जाताना विचारून गेली, "पुढच्या वर्षीही मीच येऊ ना? कोणाला सांगणार नाही." मी म्हटलं, सांगितलंस तरी चालेल. तुमच्या नातीला मात्र अजून मी सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं, घरात जागा नाही.

आता हे पत्र. ते फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. खरं तर ते यंत्रात घालून खिडकीखालून एकदा तपासायला हवं होतं, तुमच्या हातात पडणारं असतं तर नक्की तपासलं असतं. पण ते परत वाचायला बसले तर तुमचा आवाज मी भरीन, जिथे नाही तिथेही. म्हणून वाचलेलं नाही. मधल्या कितीतरी जागी अंदाजानेच लिहिलं आहे.