घसरलेल्या पायाचा 'र'

मंगळवार, संध्याकाळ

खाली-वर उड्या मारणाऱ्या नाचऱ्या अक्षरांची कामं मीच घेते. अण्णांना ती पोरखेळ वाटतात. माझ्या बापानं जन्मभर दोरी मारून, रेघ आखून सरळ पाट्या रंगवल्या. आज मला ताप, म्हणून केकवाल्याची पाटी त्यांनी केली. सरळच करत होते, पण हात थरथरला. 'र'चा पाय तर पार घसरला. मी पुसायला धावले, तेवढ्यात केकवाला दारात.

"पुसू नगा! असलंच पायजे की! ह्यो 'र' बघा, कसला भारी नाचतोय!"

अण्णा ऐकत होते. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. का ठेवलं मी?

तो गेल्यावर अण्णांनी ब्रश धुऊन माझ्या हातात दिला. "शिरोलीच्या दुकानालाबी त्येला असाच 'र' पायजे. तुला जमंल न्हवं?"

तेव्हापासून तो 'र' काढतेय. माझा हात थरथरतच नाही.